तुरुंगाने गावाची डोकी वाढतात, बाजारपेठ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या आडगावांत तुरुंग म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याला पर्याय, अशी मांडणी मराठी लेखांत आणि चर्चांत अधूनमधून दिसते. खाण बसली, लाकडाची गिरणी गेली, मग सरकारने तुरुंग दिला आणि गाव तगले, असा तिचा साचा. तिकडे स्थायिक झालेली आपली माणसे काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सुनावण्यांना जातात, मतदान करतात. त्यांच्यापुढेही हाच हिशेब ठेवला जातो. तो हिशेब अर्धवट आहे. तुरुंगामुळे गावाची शिरगणती फुगते, पगारपत्रक मोठे दिसते, पण गावात थांबणारा पैसा थोडा असतो. तुरुंग उठला की मागे राहतात ते कर्जाचे हप्ते आणि गरजेपेक्षा मोठे पाइप. हे कसे घडते, ते जरा तपशिलात लिहितो.

१९७२ मध्ये अमेरिकेत राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आत कैदी होते. २००९ मध्ये ही संख्या सोळा लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना ठेवायला जागा लागली, आणि ती स्वस्त जमीन व कमी विरोध असलेल्या ग्रामीण भागात मिळाली. कृषी खात्यातले लोकसंख्यातज्ज्ञ कॅल्व्हिन बील यांच्या मोजणीनुसार १९९० च्या दशकात ग्रामीण भागात आणि छोट्या गावांत २४५ तुरुंग उभे राहिले, म्हणजे सरासरी दर पंधरा दिवसांनी एक. गावे त्यासाठी चढाओढ करत होती. कोलोराडोतल्या फ्रीमाँट काउंटीत आधीच नऊ तुरुंग होते. तरीही केंद्र सरकारचा नवा तुरुंग यावा म्हणून तिथल्या रहिवाशांनी १ लाख ६० हजार डॉलर वर्गणी काढून फ्लॉरेन्सजवळ ६०० एकर जमीन घेतली. साडेसातशे ते नऊशे कायम नोकऱ्यांची आशा त्यामागे होती. नऊ तुरुंगांनी गरिबी हटली नाही, ती दहाव्याने कशी हटेल, हे तेव्हाच विचारायला हवे होते.

पुढे संशोधकांनी ते विचारले. ग्रेगरी हुक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशभरातल्या काउंट्यांची १९६९ ते १९९४ ची आकडेवारी तपासली. तुरुंगामुळे रोजगार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्या काउंट्यांची वाढ मुळातच मंद होती, तिथे तर तुरुंगाने ती आणखी अडवली. सेंटेन्सिंग प्रोजेक्ट या संस्थेने २००३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या चौदा ग्रामीण काउंट्या ताडून पाहिल्या, सात तुरुंग असलेल्या आणि सात नसलेल्या. पंचवीस वर्षांच्या काळात बेकारी आणि दरडोई उत्पन्न या दोन्हींत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दुसरी बाजूही आहे. समाजशास्त्रज्ञ जॉन ईसन यांनी आर्कान्सातल्या फॉरेस्ट सिटीचा अभ्यास करून दाखवले की दक्षिणेकडच्या अतिशय गरीब, कृष्णवर्णीय वस्ती मोठी असलेल्या गावांना तुरुंगाने घसरण काही काळ थोपवायला मदत केली. हे मान्य करायला हवे. पण काही काळ थोपवणे वेगळे आणि उभे राहणे वेगळे.

नोकऱ्या गावाला का मिळत नाहीत, याचे उत्तर भरतीच्या अटींत आहे. केंद्राच्या तुरुंगात रक्षक व्हायचे तर वयाची सदतिशी गाठण्याआधी नेमणूक व्हावी लागते. अपवाद फार थोडे. जोडीला पूर्ववृत्ताची चौकशी, अमली पदार्थांची तपासणी आणि कर्जफेडीचा इतिहास. आता पंचेचाळिशीतला खाणकामगार डोळ्यांसमोर आणा. खाण बंद झाल्यावर त्याचे घराचे हप्ते थकलेले असतात. वयात तो बसत नाही आणि कर्जाच्या नोंदीतही अडकतो. ज्याच्या नावाने तुरुंग मागितला, तोच दाराबाहेर राहतो. राज्यांच्या तुरुंगांत वयाची अट सैल असते, पण तिथे ज्येष्ठतेची रांग आहे. न्यूयॉर्कमध्ये नवा रक्षक परीक्षा आणि प्रशिक्षण संपवून सहसा दक्षिणेकडे, शहराजवळच्या सिंग सिंगसारख्या तुरुंगात पाठवला जातो. उत्तरेकडच्या मलोनसारख्या गावातल्या जागा बदली मागून घरी परतणाऱ्या जुन्या लोकांनी भरलेल्या असतात. गावात तुरुंग उघडला, तरी गावचा पोरगा नोकरीसाठी पाचशे किलोमीटर दूर जातो. त्यातून बरेच कर्मचारी तासभराच्या अंतरावरच्या मोठ्या गावात घर करतात, कारण शाळा, दवाखाना, दुकाने तिथे असतात. पगार तुरुंगाच्या गावचा दिसतो, खर्च होतो दुसरीकडे.

खरेदीचेही तेच. पीठ, मांस, साबण, गणवेश हे राज्यपातळीवरच्या करारातून येते. न्यूयॉर्कने तर रोम या गावी केंद्रीय स्वयंपाकघर उभारले. तिथे शिजवून थंड केलेले अन्न राज्यभरातल्या तुरुंगांना जाते. गावच्या किराणा दुकानाला यातले काही मिळत नाही. पेट्रोल पंप, सकाळचा नाश्ता देणारी दोन-तीन हॉटेले, कैद्यांच्या नातेवाइकांसाठी एखादे मोटेल, एवढ्यांचा धंदा वाढतो. सरकारी जागेवर मालमत्ता कर लागत नाही. खासगी कंपनीच्या तुरुंगावर लागतो, पण बोलणी करतानाच बहुतेकदा काही वर्षांची सूट मागितली जाते.

कैद्यांकडून करून घेतलेल्या कामाकडे फार कमी लोक लक्ष देतात. किमान सुरक्षेच्या छावण्यांतले कैदी गावची मैदाने कापतात, बर्फ काढतात, दफनभूमी साफ करतात, सार्वजनिक इमारती रंगवतात. न्यूयॉर्कच्या सॅरनॅक लेक गावात हिवाळी उत्सवासाठी बर्फाचा महाल बांधतात. त्याच्या विटा रचायला गॅब्रिएल्सच्या आणि पुढे मोरायाच्या छावणीतले कैदी येत. त्या राज्यात कैद्याला तासाला काही सेंट मिळतात. टेक्सास, जॉर्जिया, आर्कान्सात तेही नाहीत. गावाला हे फुकटचे मनुष्यबळ वाटते आणि त्याची सवय लागते. नगरपालिका दोन माणसे नेमायची थांबते, छोट्या ठेकेदाराचे काम जाते. छावणी बंद झाली की गवत पुन्हा वाढू लागते, आणि ते कापायला ना माणूस असतो ना तरतूद. फुकट राबवून घेतलेल्या माणसावर अन्याय आहेच. पण ज्यांच्या हातचे काम गेले त्या गावकऱ्यांचे नुकसानही यात धरायला हवे.

आता पाण्याकडे येतो, कारण गावाचा खरा खड्डा इथे पडतो. नियोजनात दर कैद्यामागे दिवसाला साधारण १०० ते १५० गॅलन, म्हणजे ३८० ते ५७० लिटर पाणी धरतात. यात स्वयंपाकघर, धुलाई आणि कर्मचारी आले. १,५०० कैद्यांचा तुरुंग घेतला आणि या दोन टोकांमधला एक आकडा, ४५० लिटर धरला, तर रोज पावणेसात लाख लिटर. तीन हजार वस्तीच्या गावाचा स्वतःचा वापर माणशी ३०० लिटरने नऊ लाख होतो. एका रात्रीत गावाला आपली व्यवस्था पाऊणपट वाढवावी लागते. हेही झाले सरासरीचे. सकाळी कोठड्या उघडण्याच्या वेळी शेकडो संडास आणि बेसिने एकदम सुरू होतात. वाहिनी आणि पंप त्या सर्वोच्च तासासाठी आखावे लागतात. सरासरीवर आखले तर मॅनहोलमधून मैला वर येतो.

मैलापाण्यातून काय येते, तेही पाहा. फाडलेल्या चादरी, टॉवेल, गणवेशाचे तुकडे, खाऊची प्लास्टिक वेष्टने. काही निषेध म्हणून टाकले जाते, काही झडती टाळण्यासाठी. कापडाची लांब पट्टी पंपाच्या पंख्याला गुंडाळली की मोटर तापते आणि पंप बंद पडतो. उपसा केंद्रात दोन पंप असतील तर दुसऱ्यावर भार जातो. तोही अडकला की मैला रस्त्यावर किंवा ओढ्यात, आणि पर्यावरण खात्याचा दंड गावाच्या नावावर. उपाय साधे आहेत, फक्त ते आधी करायचे असतात. यंत्राने साफ होणारी लोखंडी जाळी आणि मजबूत ग्राइंडर तुरुंगाच्या कुंपणाच्या आत, तुरुंगाच्या खर्चाने. स्वयंपाकघराच्या वाहिनीवर तेल-चरबी अडवणारी टाकी आणि ती ठरावीक मुदतीत उपसल्याची नोंद. गावाच्या वाहिनीला जोड मिळतो तिथे प्रवाहमापक. हे करारात नसेल तर जाळी गावाच्या केंद्रात बसते आणि तिच्यातून चादरी ओढून काढायचे काम गावच्या कामगाराकडे येते.

यापेक्षा मोठी चूक पैशांच्या अटीत होते. गाव मैलापाण्याचे केंद्र वाढवायला वीस-तीस वर्षांचे कर्ज काढते आणि हप्ता तुरुंगाच्या पाणीबिलातून फिटेल असे धरते. बिल मात्र मीटरप्रमाणे. कैदी निम्मे झाले की बिल निम्मे, हप्ता तेवढाच. म्हणून करारात दरमहा किमान रक्कम हवी, पाणी वापरा वा न वापरा, आणि ती कर्जाच्या पूर्ण मुदतीपर्यंत. तुरुंग गेल्यावर तांत्रिक अडचणीही येतात. मोठ्या वाहिनीत थोडे पाणी संथ वाहू लागले की मैला वाटेतच सडतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि काँक्रीटचे पाइप व मॅनहोल आतून खातो. प्रक्रियेच्या टाकीतल्या जिवाणूंना पुरेसे खाद्य मिळत नाही, गाळ नीट बसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या जाड नळात पाणी फार दिवस राहिल्याने क्लोरीन उडून जातो. मग नळ मुद्दाम सोडून शुद्ध केलेले पाणी वाया घालवावे लागते. म्हणजे ग्राहक कमी झाले तरी चालवण्याचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि तो उरलेल्या घरांच्या पाणीपट्टीत चढतो.

कर्जरोखे काढून गावाने स्वतःच तुरुंग बांधायचा, हा प्रकार याहून धोक्याचा. सल्लागार आणि रोखे विकणारे येतात, तुरुंग चालवणारी कंपनी येते, आणि राज्य किंवा केंद्र कैद्यामागे रोज ठरावीक दर देईल यावर सगळा डोलारा उभा राहतो. उदाहरणादाखल ५०० खाटा आणि रोजचा ६० डॉलर दर धरा. भरणा ९५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आला की शंभर खाटा रिकाम्या. वर्षाला जवळपास २२ लाख डॉलर कमी. रक्षक मात्र तेवढेच लागतात, कारण दालन अर्धे भरले तरी पहारा पूर्ण ठेवावा लागतो. खासगी कंपन्या स्वतःला यापासून वाचवतात. इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेने २०१३ मध्ये ६२ करार पाहिले. त्यांतल्या ६५ टक्क्यांत खाटा ठरावीक प्रमाणात भरण्याची, नाहीतर रिकाम्या खाटांचे पैसे देण्याची हमी होती, बहुतेक ८० ते १०० टक्क्यांची. गावाला अशी हमी कुणी देत नाही.

टेक्सासमधल्या लिटलफील्डने २००० मध्ये असा तुरुंग उघडला. आयडहो राज्याने तिथे ठेवलेल्या एका कैद्याने आत्महत्या केली, राज्याने आपले कैदी परत नेले आणि २००९ च्या सुरुवातीला जिओ ग्रुप ही कंपनी निघून गेली. साडेसहा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव रिकाम्या इमारतीसाठी महिन्याला सुमारे ६५ हजार डॉलर भरत राहिले. त्यासाठी कर वाढवले, कर्मचारी कमी केले. मोंटानातल्या हार्डिनमध्ये २ कोटी ७० लाख डॉलरचे रोखे काढून ४६४ खाटांचा तुरुंग २००७ मध्ये तयार झाला आणि कैद्यांविना पडून राहिला. २००८ मध्ये रोख्यांचा हप्ता थकला. २००९ मध्ये गावाने ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगातले बंदी आपल्याकडे पाठवा अशी मागणी करून पाहिली. मिनेसोटातल्या ॲपलटनचा तुरुंग मुळात गावाने उभारलेला, नंतर कंपनीने घेतलेला; १,६०० खाटांचा तो तुरुंग २०१० मध्ये बंद झाला आणि दशकभराहून जास्त काळ तसाच राहिला. या तिन्ही ठिकाणी बांधण्यात गडबड नव्हती. मागणी गावाच्या हातात नव्हती, ती दूरच्या एखाद्या राजधानीत ठरत होती.

जनगणनेची गोष्ट थोडक्यात, पण ती सुटता कामा नये. अमेरिकेची जनगणना कैद्याला तो जिथे बंद आहे तिथला रहिवासी मानते, आणि मेन व व्हर्मांट ही दोन राज्ये सोडली तर कोणत्याही राज्यात शिक्षा भोगणाऱ्या सगळ्या कैद्यांना मताचा हक्क नाही. त्यामुळे आयोवातल्या अॅनमोसा गावात एका वॉर्डाची लोकसंख्या सुमारे चौदाशे भरली, त्यांत तेराशेहून जास्त कैदी. २००५ मध्ये त्या वॉर्डातून एक जण फक्त दोन मतांवर नगरपरिषदेत निवडून आला. २००० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळातल्या सिनेटचे सात मतदारसंघ कैदी वजा केल्यास किमान लोकसंख्येतही बसत नव्हते. त्या राज्याने आणि मेरीलंडने २०१० मध्ये कायदा बदलून, मतदारसंघ आखताना कैद्यांना त्यांच्या मूळ पत्त्यावर धरायला सुरुवात केली. यामुळे गावाबद्दलचे आकडेही फसवे होतात. दरडोई उत्पन्न काढताना कैदी भागाकारात येतात, म्हणून ते खाली दिसते. बेकारीच्या दरात कैदी मोजलेच जात नाहीत. कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नातही ते नसतात. तुरुंगाच्या गावावर लिहिताना कोणता आकडा घेतला, ते आधी पाहावे. एकच गाव एका आकड्यात भिकारी आणि दुसऱ्यात खाऊनपिऊन सुखी दिसू शकते.

गावाच्या जगण्यावर होणारा परिणाम आकड्यांत मावत नाही. न्यूयॉर्क शहरातून कैद झालेला माणूस मलोनला ठेवला, तर त्याच्या आईला, बायकोला रात्रभर बसने प्रवास करून सकाळी झडतीच्या रांगेत उभे राहावे लागते. राज्याची नातेवाइकांसाठीची मोफत बस २०११ मध्ये बंद झाली. त्यानंतर तिकिटाचा भार गरिबांवरच. रक्षकांची बाजूही सुखाची नाही. माणसे कमी, म्हणून एका पाळीला जोडून दुसरी पाळी सक्तीची. सोळा तास कुलपांमागे काढून घरी आलेला माणूस कुणाशी बोलत नाही, आणि सगळे गाव त्याच कामात असल्याने बोलायला दुसरे कुणी नसते. विस्कॉन्सिनमधल्या वॉपन तुरुंगात मनुष्यबळ नसल्याने मार्च २०२३ पासून कैद्यांना कित्येक महिने कोठडीतच डांबून ठेवले गेले. न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये रक्षकांनी संघटनेच्या परवानगीविना संप केला. तो तीन आठवड्यांहून अधिक चालला, राज्याने नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल आणले आणि कामावर न परतलेल्या सुमारे दोन हजार जणांना काढून टाकले. एकाच धंद्यावर जगणाऱ्या छोट्या गावांत याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको.

आणि मग बंद होण्याची वेळ. कॅलिफोर्नियातल्या सुझनव्हिलमध्ये लाकूड कारखाने गेल्यावर तुरुंग हाच मुख्य धंदा उरला होता. १९६३ चा जुना आणि १९९५ चा नवा असे राज्याचे दोन तुरुंग गावाला लागून. जनगणनेतल्या लोकसंख्येचा जवळजवळ अर्धा भाग कैद्यांचा. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने जुना तुरुंग बंद करण्याचे जाहीर केले. तिथे हजारावर कर्मचारी होते. गाव पर्यावरण कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले, स्थगिती मिळवली; पुढे विधिमंडळाने कायद्यातूनच सूट दिली, स्थगिती उठली आणि जून २०२३ अखेर तुरुंग बंद झाला. न्यूयॉर्कचा कायदा मुळात बारा महिन्यांची पूर्वसूचना आणि जागेच्या पुनर्वापराची योजना मागतो. पण अर्थसंकल्पातून ही मुदत ९० दिवसांवर आणली गेली. मोरायाची छावणी बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली आणि मार्च २०२२ मध्ये दाराला कुलूप. लोखंडाची खाण बंद पडल्यावर ज्या गावाने ही छावणी आनंदाने घेतली होती, त्याला चार महिने मिळाले.

रिकाम्या जागेचे काय होते, ते शहर किती जवळ आहे यावर ठरते. न्यूयॉर्क शहराच्या टप्प्यातल्या वॉर्विकने २०११ मध्ये बंद झालेल्या तुरुंगाच्या जागेवर उद्योग वसाहत आणि क्रीडा संकुल आणले. उत्तरेच्या जंगलातली गॅब्रिएल्सची छावणी २००९ मध्ये बंद झाली आणि वर्षानुवर्षे पडून राहिली. छपरे गळतात, पाइप थंडीत फुटतात, जुन्या इमारतींतला अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचा खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त निघतो. कोठड्यांच्या काँक्रीटच्या इमारती तर पाडायलाही महाग. भिंतीत भिंत ओतलेली असते.

म्हणून जिथे तुरुंगाचा प्रस्ताव अजून कागदावर आहे, तिथल्या आपल्या वाचकांना एक विनंती. सुनावणीत नोकऱ्यांचा एकूण आकडा ऐकून थांबू नका. त्यातल्या किती जागा बदलीने भरणार आणि त्या काउंटीतल्या वयाच्या सदतिशीपुढच्या बेकारांना काय मिळणार, हे लेखी मागा. पाण्याच्या कराराचा मसुदा मतदानाआधी जाहीर करायला लावा. जाळी व ग्राइंडर कुणाच्या खर्चाने बसणार आणि किमान बिल किती वर्षे चालणार, ही दोन कलमे त्यात आधी शोधा. रोख्यांना गावाची हमी आहे का, हे वकिलाकडून एका वाक्यात लिहून घ्या. बंद करताना निदान दोन वर्षांची सूचना आणि अ‍ॅस्बेस्टॉस काढण्यासाठी पहिल्या वर्षापासून वेगळी ठेवलेली रक्कम, या अटी जमीन देण्याआधीच घालता येतात. एकदा जमीन दिली की गावाचे म्हणणे ऐकून घेण्याचे कारण कुणालाही उरत नाही.

कळावे.
आपले,
नगरनियोजन आणि सार्वजनिक वित्त या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक